पूर्वसूचनेशिवाय

होळीच्या आगेमागे दाराच्या फटीतून एक कागद आत सरकतो. त्यावर लिहिलेले असते की सदर थकीत पाणीपट्टी सात दिवसांत भरावी, अन्यथा आपली नळजोडणी कोणतीही पूर्वसूचना न देता खंडित करण्यात येईल. पूर्वसूचना न देता पाणी तोडणार, याची ही पूर्वसूचना. हे वाक्य पहिल्यांदा ज्या कोणा लिपिकाने लिहिले त्याला बढती मिळाली असणार. कारण पुढे एकाही साहेबाने त्यातला शब्द हलवलेला दिसत नाही. महानगरपालिका असो नाहीतर कालपरवा ग्रामपंचायतीची झालेली नगरपंचायत असो, वाक्य तेच.

कागदावरचे नाव मात्र बहुधा आपले नसते. ते असते आजोबांचे, किंवा ज्यांच्याकडून आजोबांनी घर घेतले त्यांचे. नळ घेताना रजिस्टरला जे नाव लागले ते लागले. पुढे घर विकले गेले, वाटण्या झाल्या, वर दोन मजले चढले, भावाभावांची बोलणी बंद झाली, तरी नळ आपला मूळ पुरुषाच्या नावाने निष्ठेने गळतो आहे. नाव बदलायचे तर अर्जासोबत वारसाचा दाखला, खरेदीखत, ओळखपत्र आणि चालू तारखेपर्यंत थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. आणि थकबाकी का, तर बिल आजोबांच्या नावाने येते म्हणून प्रत्येक वारस ते दुसऱ्या वारसाचे समजतो. वर गेलेल्यांना तिथे किती दिवसांआड पाणी मिळते ठाऊक नाही, पण इथे त्यांच्या नावावर शास्ती चढतेच आहे.

शास्ती म्हणजे दंड. महापालिकांच्या मिळकतकरावर ती दरमहा २ टक्क्यांनी चढते, म्हणजे वर्षाला २४. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणतात, ‘‘उभ्या नोकरीत एवढा दर मी कुठल्याच ठेवीवर पाहिला नाही. पालिकेला खरंच श्रीमंत व्हायचं असेल ना, तर तिने वसुली करूच नये. नुसतं वाट बघत बसावं.’’ पालिका जवळजवळ तेच करते. वर्षाचे दहा महिने ती वाट बघते. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते ही गोष्ट तिला फेब्रुवारीत आठवते आणि मग अंदाजपत्रकात लिहिलेला वसुलीचा आकडा आणि तिजोरीत आलेला आकडा यांची ओळख करून देण्यासाठी वसुली पथके निघतात.

पथकात पाणीपुरवठ्याची माणसे पुरत नाहीत. मग उद्यान, अतिक्रमण, जन्म-मृत्यू नोंदणी अशा खात्यांतून माणसे ओढली जातात. उद्यानवाल्याला वसुलीचे काही कळत नाही, तो बिचारा वाटेतल्या झाडांकडे बघत चालतो. जन्म-मृत्यूवाल्याचा मात्र खरा उपयोग होतो. यादीतले निम्मे थकबाकीदार त्याच्याच रजिस्टरात सापडतात.

आता नळ तोडणे हे काम नोटिशीत एका क्रियापदात उरकते, रस्त्यावर ते उरकत नाही. आपल्याला दिसते ती नुसती तोटी. नळ खरा सुरू होतो रस्त्याखाली. तिथून जाणाऱ्या मोठ्या वाहिनीला भोक पाडून त्यात पितळी फेरूल बसवलेला असतो आणि त्याच्यातून अर्धा इंची नळी आपल्या घरात येते. तोडायचे म्हणजे हा फेरूल काढून भोक बुजवायचे. त्यासाठी खणायला हवे, आणि खणण्यासाठी कुठे खणायचे ते ठाऊक हवे. रस्ता तर गेल्या निवडणुकीच्या आधी काँक्रीटचा झालेला. त्याच्या उद्घाटनाची पाटी अजून उभी आहे, आणि पथकातल्या कोणाचीही त्या पाटीसमोर पहार मारण्याची छाती नाही.

‘‘जुना चावीवाला कुठाय?’’ पथकाचा मुकादम विचारतो.

जुना चावीवाला निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. पण गावातल्या वाहिन्यांचा एकमेव नकाशा त्याच्या डोक्यात आहे आणि डोके त्याने निवृत्तीच्या वेळी कार्यालयात जमा केलेले नाही. कुणीतरी मोटारसायकलवरून त्याला घेऊन येते. तो आधी चहा घेतो. मग गल्लीत उभा राहून डोळे बारीक करतो आणि म्हणतो, ‘‘हितं एक पिंपळ होता. पिंपळापासनं चार पावलं उगवतीला.’’ पिंपळ रस्तारुंदीत गेला. त्यामुळे आधी पिंपळ कुठे होता यावर गल्लीतल्या म्हाताऱ्यांची बैठक बसते. उद्यानवाला पहिल्यांदाच कामात रस घेतो.

शेवटी काँक्रीटच्या कडेला, मातीत खड्डा होतो. खड्ड्यात निघतात तीन नळ्या, एक टेलिफोनची मेलेली केबल आणि गटारातून येणारा ओलावा. नळ्यांवर नावे नसतात. मग मुकादम एक नळी दाबून धरतो आणि वर तोंड करून ओरडतो, ‘‘बंद झालं का?’’ वरून कुणीतरी ओरडते, ‘‘आमचं नाही!’’ दुसरी दाबतो. ‘‘आमचं पण नाही!’’ ज्याचे खरेच बंद झालेले असते तो थकबाकीदार असतो आणि म्हणून गप्प असतो. असा शोध लावत लावत जी नळी तुटते ती, आमच्याकडे तरी, चौथ्या मजल्यावरच्या काकांची निघाली. त्यांनी हट्टाने इमारतीच्या टाकीखेरीज स्वतःची वेगळी जोडणी घेऊन ठेवलेली होती.

काका पावत्यांची फाइल घेऊन खाली आले. फाइलमध्ये प्रत्येक वर्षाची पावती, आणि पावतीची झेरॉक्स, आणि झेरॉक्स पुसली जाईल म्हणून तिची पुन्हा झेरॉक्स. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने सगळ्या पावत्या आदराने पाहिल्या आणि म्हणाला, ‘‘काका, तुमचं सगळं बरोबर आहे. तुम्ही उद्या ऑफिसात या आणि नवीन जोडणीचा अर्ज भरा.’’

‘‘नवीन?’’

‘‘जुनी तर तुटली ना.’’

तोडण्याआधीचा आणि नंतरचा फोटो काढणे आता सक्तीचे असते. फोटो वरिष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, त्याखाली अंगठे आले, आणि त्या दिवसाच्या कारवाईत एक जोडणी वाढली. फोटोत खड्ड्याशेजारी फाइल छातीशी धरून उभे असलेले काका इतके उत्तम आलेत की ते पाहणाऱ्या कुणालाही थकबाकीदार हाच, अशी खात्री पटावी.

ज्याचे तोडायचे होते त्याचेही अखेर तुटले, नाही असे नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या घरातून बादली भरल्याचा आवाज येत होता. हे कसे घडते याची चर्चा सभ्य माणसे करत नाहीत. एवढेच म्हणता येईल की दिवसा खणलेली माती रात्री मऊ असते, आणि फेरूल कुठे होता हे त्या दिवशी संध्याकाळी फारच थोड्या लोकांना नक्की माहीत असते.

नळतोडणीने वसुली होत नाही हे पालिकांनाही कळते. मग लाजेचा मार्ग निघाला. पुणे महापालिकेने मिळकतकर थकवणाऱ्यांच्या दारात बँड वाजवण्याचा प्रयोग केला. मोठाल्या थकबाकीदारांच्या इमारतीसमोर गणवेशातले बँडवाले उभे राहायचे आणि शेजारपाजारच्या खिडक्यांतून डोकी बाहेर यायची. कल्पना चांगली, पण महाराष्ट्रात दारात बँड वाजला की माणसाला पहिल्यांदा लाज वाटत नाही, कुणाचे लग्न आहे हे विचारावेसे वाटते. इतर शहरांनी ढोल-ताशे आणले. कुठे थकबाकीदारांची यादी फ्लेक्सवर छापून चौकात लावली जाते. त्या चौकात फ्लेक्सना जागा अशी नसतेच. त्यामुळे एकाच खांबावर वर ‘युवकांचे आशास्थान’ म्हणून ज्याचा वाढदिवस साजरा होतो त्याचेच नाव खाली अनुक्रमांक सातवर असते, आणि दोन्ही फ्लेक्स लोक सारख्याच भक्तिभावाने वाचतात. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराची तर तक्रार होती की यादीत त्याचा आकडा कमी छापला. शेजाऱ्याचे चार लाख आणि त्याचे फक्त अठ्ठावीस हजार. बाजारात पत जाते.

ज्या गोष्टींनी वसुली खरोखर झाली त्या पाहिल्या की पालिकेच्या कल्पकतेवरचा विश्वास उडतो, कारण त्या पालिकेच्या डोक्यातून आलेल्याच नाहीत. पहिली म्हणजे निवडणूक. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे बिल हातात पडल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर माणूस सदस्य व्हायला अपात्र ठरतो, आणि नगरपालिकेच्या उमेदवारालाही थकबाकी नसल्याचा दाखला मिळवावा लागतो. ज्यांच्या दारात पथक जायला धजत नाही अशी माणसे अर्ज भरायच्या आठवड्यात स्वतः खिडकीपाशी रांगेत उभी असतात, तीही सुट्या पैशांसकट. निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या की लोकशाहीचे काय नुकसान होते यावर अग्रलेख येतात. वसुली खात्याचे काय नुकसान होते याबद्दल कोणी अक्षर लिहीत नाही.

दुसरी गोष्ट नोटाबंदी. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १,००० च्या नोटा चलनातून गेल्या, पण पालिकांचे कर आणि पाणीपट्टी भरायला त्या आणखी काही दिवस चालत होत्या. महाराष्ट्रभर करभरणा केंद्रे रात्री उशिरापर्यंत उघडी राहिली. दहा-दहा वर्षांची थकबाकी, ज्या बिलांना घरात कपाटाचा पाय सारखा करण्यासाठी ठेवले होते ती बिले, सगळी बाहेर आली. बँड वाजवून जे जमले नाही ते पंतप्रधानांच्या एका भाषणाने जमले. वसुली खात्यातले एक गृहस्थ अजून त्या दिवसांची आठवण काढतात. त्यांचे म्हणणे असे की दर पाच वर्षांनी एखादी नोट बंद करायला हरकत नाही, २०० चीसुद्धा चालेल.

या दोन्ही गोष्टी वेळेवर घडतीलच असे नाही म्हणून तिसरी गोष्ट शासनाने स्वतः काढली. तिचे नाव अभय योजना. अमुक तारखेपर्यंत मुद्दल भरा, शास्तीत मोठी सूट घ्या. कुठे निम्मी, कुठे तीन चतुर्थांश, कुठे पूर्ण माफ. नाव किती भारदस्त! पूर्वी राजा शरण आलेल्याला अभय द्यायचा. आता पालिका शरण न आलेल्याला देते. या योजनेत काकांना काहीच मिळत नाही. ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बिल भरतात, तेव्हा त्यांना ५ टक्के सवलत मिळते आणि तिचा त्यांना कोण अभिमान! पण एकदा खालच्या मजल्यावरच्या भाडेकरू ठेवलेल्या मालकाला अठरा हजारांची शास्ती माफ झाली, त्या दिवशी काका जेवले नाहीत. त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला की वेळेवर भरणाऱ्याला वर्षाला अमुक इतका तोटा आहे. हिशेब अचूक होता. बँकेचा माणूस. मी विचारले, ‘‘मग यंदा थकवणार का?’’ ते म्हणाले, ‘‘छे, झोप लागणार नाही.’’ महाराष्ट्रातल्या पाणीपुरवठा योजना चालतात त्या अशा माणसांच्या झोपेवर.

इमारतीची गोष्ट आणखी वेगळी. सोसायटीला मीटर एक, बिल एक आणि भांडणे मात्र फ्लॅटागणिक. बत्तिसांतल्या तिघांनी देखभाल खर्च दिला नाही तरी पाणी टाकीत सगळ्यांचे एकच. टाकीतल्या पाण्याला कोणाचे पैसे आले आणि कोणाचे नाही हे ओळखता येत नाही. आमच्या सेक्रेटरींनी सभेत तावातावाने प्रस्ताव मांडला की गच्चीवर जाऊन त्या तिघांच्या नळीचा व्हॉल्व्ह बंद करावा. सभेत एक वकीलबाई आहेत. त्यांनी शांतपणे सांगितले की पाणी ही अत्यावश्यक गोष्ट आहे, ती सोसायटीने तोडली तर उलट सोसायटीलाच कोर्टात उभे राहावे लागेल. वसुलीचा दाखला हवा तर उपनिबंधकांकडे जावे. सेक्रेटरी उपनिबंधकांकडे गेले. ते अजून जातात. दरम्यान त्या तिघांपैकी एक सोसायटीचा खजिनदार म्हणून बिनविरोध निवडून आला, कारण दुसरे कोणी उभेच राहिले नाही.

इथपर्यंत आपण असे धरून चाललो की पाणी येते आहे आणि ते तोडायचे आहे. महाराष्ट्रातल्या पुष्कळ शहरांत ही चैन नाही. छत्रपती संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला जायकवाडी आहे, राज्यातल्या सर्वांत मोठ्या धरणांपैकी एक. तिथून शहरात पाणी येते, पण कित्येक वर्षे ते वस्तीनुसार पाच, सात, कधी आठ-दहा दिवसांनी येत आले. पाणीपट्टी मात्र वार्षिक आणि ठोक. ती ४,०५० रुपये होती. २०२२ साली लोक चिडल्यावर निम्मी करून २,०२५ केली. आता आठवड्यात एकदा पाणी धरले तर वर्षात पाण्याचे दिवस ५२. म्हणजे निम्म्या दरानेही पाण्याच्या एका दिवसाला सुमारे ३९ रुपये, आणि कोरड्या ३१३ दिवसांना नुसते प्रेम. अशा गावात ‘आपला पाणीपुरवठा खंडित करण्यात येईल’ ही नोटीस घेऊन जाणाऱ्या माणसाच्या धैर्याला नमस्कार करावासा वाटतो. आठवड्यातले सहा दिवस जे आपोआप खंडित असते ते सातव्या दिवशी खंडित करण्यासाठी खड्डा खणायचा. सोलापूरकरांनाही हे समजावून सांगावे लागणार नाही, त्यांनी दिवसांआडच्या हिशेबात पिढी वाढवली आहे.

आणि मग पालिकेची स्वतःची गोष्ट निघते. ती निघू नये असे पालिकेला वाटते, पण निघते. कारण पालिका तरी पाणी कुठून आणते? धरणातून. धरण जलसंपदा विभागाचे. त्याचे बिल असते. पुणे महापालिका आणि जलसंपदा यांच्यात पाण्याच्या बिलावरून काहीशे कोटींचा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. आकडा किती, कोणाचा खरा, पिण्याचा दर लावायचा की उद्योगाचा, यावर पत्रव्यवहार इतका झाला आहे की तो कागद भिजवून पिळला तरी एखाद्या पेठेची सोय व्हावी. उल्हासनगर महापालिकेला तर स्वतःचा जलस्रोतच नाही. ती एमआयडीसीकडून पाणी घेते आणि तिची थकबाकी शेकडो कोटींत गेली आहे. म्हणजे उल्हासनगरात पालिका नागरिकाला म्हणते पाणी तोडीन, आणि एमआयडीसी पालिकेला म्हणते पाणी तोडीन. दोन्ही नोटिशींची भाषा एकच असणार, पूर्वसूचनेसकट.

पाणी उचलायला पंप लागतात, पंपाला वीज लागते, आणि विजेचे बिल महावितरणला द्यायचे असते. ते थकले की महावितरण पाणीपुरवठा योजनेची वीज तोडते आणि ज्यांनी पाणीपट्टी भरली आणि ज्यांनी भरली नाही असे सगळे एका क्षणात समान होतात. मग नगरपालिकेला आठवते की महावितरणच्या कार्यालयाकडून मालमत्ताकराची बाकी येणे आहे. पथक तिकडे वळते आणि कार्यालयाला टाळे लागते. असे सामने राज्यात अनेक गावांनी पाहिलेले आहेत. एकीकडे रस्त्यावर अंधार, दुसरीकडे वीज कंपनीच्या दाराला लाख, आणि मध्ये कोरडी घागर घेऊन एक बाई उभी, जिचे बिल भरलेले आहे.

२०१९ साली तर माहितीच्या अधिकारात मुंबई महापालिकेच्या पाणी-थकबाकीदारांची नावे निघाली, त्यात मंत्र्यांचे बंगले निघाले. मुख्यमंत्र्यांचा ‘वर्षा’ही त्यात. नाव वर्षा, आणि पाण्याचे बिल थकलेले! त्या बंगल्यासमोर खड्डा खणायला कुठला मुकादम गेल्याचे ऐकिवात नाही. रागवायचे कारण नाही. मलबार हिलवर पिंपळ कुठे होता हे सांगणारा चावीवाला मिळाला नसेल.

बिलाच्या या साखळीत लातूर सगळ्यांच्या पुढे गेले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर इतके कोरडे पडले की मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला दहा टाक्या, मिळून सुमारे पाच लाख लिटर. गाडीचे नाव ‘जलदूत’. स्टेशनात तिचे स्वागत नेत्यासारखे झाले, आणि फरक इतकाच की ती खरोखर काही घेऊन आली होती. पुढच्याच महिन्यात रेल्वेने जिल्हाधिकाऱ्यांकडे सुमारे चार कोटींचे वाहतुकीचे बिल पाठवल्याच्या बातम्या आल्या. देशभर हळहळ झाली. मला मात्र रेल्वेतल्या त्या बाबूचे कौतुक वाटले. दुष्काळ असो, रणगाडे असोत, उसाच्या मोळ्या असोत, मालगाडी गेली की पावती फाटली पाहिजे. सुदैवाने नोटिशीत ‘अन्यथा गाडी परत नेण्यात येईल’ असे काही नव्हते.

इंग्लंडमध्ये १९९९ साली कायदा झाला की बिल थकले म्हणून पाणी कंपन्यांनी राहत्या घराचे पाणी तोडायचे नाही. पैसे वसूल करा, कोर्टात जा, हप्ते बांधून द्या, पण नळाला हात लावायचा नाही. हे वाचून दाखवल्यावर मुकादम बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘‘मग मार्चमध्ये करतात काय ती लोकं?’’ आपल्याकडेही मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली म्हटले की अनधिकृत झोपडीत राहणाऱ्याचाही पाण्याचा हक्क नाकारता येणार नाही. हवे तर दर जास्त लावा. दर जास्त ही अट झोपडीवाल्याला नवी नव्हती. मुंबईत पालिकेचे घरगुती पाणी हजार लिटरला सहा-साडेसहा रुपयांच्या घरात मिळत आले आहे. टपरीवर वीस रुपयांना एक लिटरची बाटली घेताना त्या वीस रुपयांत पालिकेने तीन हजार लिटर दिले असते, हे मनात आणू नये, घशाखाली उतरत नाही. ज्याच्याकडे नळ नाही तो हंड्याने, ड्रमने, जारने विकत घेतो आणि रोजच्या रोज रोख देतो. त्याची थकबाकी कधी होत नाही. शहरातला सर्वांत महाग पाणी पिणारा आणि सर्वांत नियमित बिल भरणारा ग्राहक कुठल्याच पालिकेच्या रजिस्टरात नाही, त्यामुळे त्याला कुठली सवलतही नाही.

म्हणून नळतोडणीच्या बातमीखालचे आकडे मी जरा संशयाने वाचतो. ‘एका दिवसात अमुक जोडण्या खंडित.’ कुणाच्या? ज्या हॉटेलवाल्याचे लाखो थकलेत त्याच्याकडे बोअर आहे, टँकरवाला मेव्हणा आहे. त्याचा नळ तोडला हे त्याला बिल आले नाही तेव्हा कळते. सरकारी वसाहतीचा तोडता येत नाही, कारण त्यात पोलीस राहतात आणि पथकाला संरक्षण तेच देतात. उरतो गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांत राहणारा, ज्याची नळी उघड्यावरून गेलेली आहे आणि काँक्रीट फोडावे लागत नाही. त्याच्याकडे येणे असते दोन-तीन हजार. त्याचा तुटतो, आणि त्याला खरेच तुटलेला लागतो.

काकांची नवी जोडणी अजून आलेली नाही. अर्ज मंजूर आहे, पण प्रत्यक्ष जोडणीसाठी थकबाकी नसल्याचा दाखला हवा आणि संगणकात त्यांची जुनी जोडणी ‘थकबाकीमुळे खंडित’ अशी नोंदली गेली आहे. खंडित जोडणीवर दाखला निघत नाही. खिडकीवरच्या मुलीने त्यांना सुचवले की किरकोळ काहीतरी थकबाकी दाखवून ती भरून टाका, म्हणजे सिस्टीम मोकळी होईल. काकांनी नकार दिला. आयुष्यात कधी थकबाकी केली नाही, आता कागदावरही करणार नाही. सध्या ते सोसायटीच्या टाकीवर आहेत, त्या तिघांच्या बरोबरीने.

परवा हेच पथक नाल्यापलीकडच्या वस्तीत गेले होते. तिकडे चार दिवसांआड पाणी येते. शेवटच्या घरात एक आजी एकट्याच राहतात, बाकी तेवीसशे रुपये. मुकादमाने वही उघडून नाव वाचले. नाव त्यांच्या यजमानांचे होते. आजींनी पदर खोचला, दार पूर्ण उघडून दिले आणि तोटीकडे बोट दाखवले.

‘‘तोड बाबा. पण आधी पाणी सोड, मग तोड. नाहीतर तुटलं का नाही ते मला कळणार कसं?’’

मुकादमाने वहीची मागची पाने उलटून वस्तीचा वार बघितला.

‘‘तुमचा नंबर शुक्रवारी आहे, आजी,’’ तो म्हणाला. ‘‘शुक्रवारी येतो.’’